चौदा पोट्ट्या

आधीच सांगून ठेवते, माह्या तोंडाले लगाम नाही. आमचे रहेमानशेठ म्हनतेत, कौसल्याबाई बोलाले लागली का मशीन बंद ठेवली तरी चालते, आवाज तेवढाच राह्यते. ते काही का म्हनेनात. पन याच तोंडापायी औंदा आमच्या चौदा जनीचं काम जाऊन राह्यलं होतं, हे मात्र खरं हाये.

दिग्रसले आमचं जिन हाये, कापसातली सरकी काढाचं. आमचं म्हंजे रहेमानशेठचं, पन मी तिथं सत्तावीस वर्सापासून राबून राह्यली, म्हनून मी आमचं म्हनते. कापूस गाडीतून उतरला का मशीनीत जायच्या आधी तो निवडा लागते. किडकी पिवळी बोंडं, काड्या, सुतळीचे तुकडे, प्लास्टिकच्या चिंध्या, अन् बाईच्या डोक्यातला केससुदीक वेचून काढा लागते. येक केस राह्यला तरी पुढं कापडात दिसते म्हनतेत. हे काम बायाचं, अन् त्या बायाची मुकादम मी. दिवाळी झाली का सुरू, ते होळीपावतर.

आमच्या जिनातली सरकी काढेल रुई गाठी बांधून जाते येका मोठ्या मिलीत, अन् त्या मिलीचं कापड जाते समुद्रापल्याड. दोन वर्सापैले आपल्या सरकारचा अन् तिकडच्या येका देशाचा करार झाला. रहेमानशेठची पोरगी रुबीना जिनाचं हापिस पाह्यते, यवतमाळले शिकेल हाये. तिनं मले सांगतलं, "मौसी, आता आपल्या कापडावर तिकडं जकात नाही. पन त्याच्यात शर्ती आहेत. ज्या मालाले लहान लेकराचा हात लागला, त्याची सवलत खतम. अन् गाठीवरच्या नंबरवरून त्यायले समजते, कोन्या जिनातली रुई हाये."

मी म्हनलं, चांगली शर्त हाये. लेकराईनं शाळेतच जावं. आमच्या विहारात दर पौर्णिमेले हेच सांगतेत, अन् मी पैल्या रांगेत बसून मान हालवते.

तर दिवाळी झाल्यावर तपासनीवाले आले. येक उंच गोरी बाई, अन् तिच्या संगं पुन्याची दुभाषी, वैष्णवी म्याडम. पोरगी गोड होती, चष्मेवाली, पायात पांढरे जोडे. नेमकं त्या दिवशी मार्केट बंद, गाडी नाही, म्हनून निवडनाऱ्या बाया घरी. जिनात मी येकटीच. लिंबाच्या झाडाखाली खुर्च्या टाकल्या, चहा झाला, अन् वैष्णवी म्याडमनं वही उघडली.

"तुमच्या हाताखाली किती जणी आहेत?"

मले कोनी असं इचारत नाही हो कधी. माही छाती फुगली. मी म्हनलं, "माह्या हाताखाली चौदा पोट्ट्या हायेत. येकीपेक्षा येक! काही तं इतवढ्याशा असतानी आल्या माह्यापाशी, मीच शिकोलं त्यायले सारं." असं म्हनून मी हात गुडघ्याजवळ धरून दाखोला.

तिचा पेन थांबला. "मुली? लहान मुली?"

"हाव मंग! माह्यासाठी तं पोट्ट्याच ना!"

तिनं लिहून घेतलं. गोऱ्या बाईले इंग्रजीत सांगतलं. गोऱ्या बाईचं तोंड उतरलं, मले वाटलं तिले ऊन लागलं असन. मी तिच्यासाठी मटक्यातलं पानी आनून देलं.

तीन आठवड्यानं कागद आला. रुबीनानं हापिसात मले समोर बसवून मराठीत वाचून दाखोला. 'या कारखान्यात चौदा अल्पवयीन मुली काम करतात. काही मुली अगदी लहान वयापासून आहेत. देखरेख करणाऱ्या महिलेने हे स्वतः मान्य केले. तपासणीच्या दिवशी मुलींना आवारातून हलवण्यात आले होते.'

"अवो माय!" मी म्हनलं. "हंसाबाई अल्पवयीन? तिले दोन नातू हायेत, अन् समोरचे तीन दात नाहीत!"

रुबीनाले हसू आलं नाही. मिलीनं आमच्या गाठी उचलनं बंद केलं होतं. रहेमानशेठ आत आले, उभ्याउभ्याच बोलले. पंचेचाळीस दिवसाची मुदत हाये जवाब द्याची, जवाब पटला नाही तं जिनाचं नाव यादीतून कटन. मिटलं तरी पुढं ही भानगड नको, सफाईची मशीन आनतो, हातानं निवडनं बंद. ना बाया, ना पोट्ट्या, ना कागद. मानूस वाईट नाही, पन भेला होता. मी त्यायच्या हातापाया पडली नाही, पन आवाज चढवला. म्हनलं, "शेठ, मशीनीले केस दिसते का? जवाब तं देऊन पाहू. जवाबानं बाया वाचल्या तं मशीन आनाची नाही, बोला!" ते म्हनले, "वाचल्या तं नाही आननार." तेवढंच मी गाठीले बांधलं.

मले त्या चष्मेवाल्या पोरीचा असा राग आला का इचारू नका. अवो, आमच्या इकडं पोट्टी कोनाले म्हनत नाहीत? पाळन्यातली पोट्टी, लग्नाची पोट्टी, अन् संगं काम करनारी साठीची बाईबी पोट्टीच. माह्या नवऱ्याचे दोस्त पारावर त्याले आजबी "काय बे पोट्ट्या" म्हनतेत, त्याले चष्म्याशिवाय ताट दिसत नाही. हे पुन्याच्या मानसाले कसं समजावं? तिनं पुस्तकातल्या मराठीनं आमची मराठी मोजली.

रुबीनानं मंग मले कराराची रीत समजावून सांगतली. तक्रार झाली म्हंजे लगेच सजा नाही. ज्याच्यावर तक्रार, त्याले बोलू द्या लागते. अन् ऐकनारा मानूस त्या देशाचा नाही, आपलाबी नाही, तिसऱ्याच देशाचा. मी म्हनलं, हे लिहिनाऱ्यानं डोस्कं लावून लिहेल हाये. आमच्या गावात भांडन झालं तं ऐकनारा येकाचा साडभाऊ अन् दुसऱ्याचा भाडेकरू असते. तिसऱ्या गावचा मानूस आनावा हे आमाले कधी सुचलं नाही.

सुनवाई यवतमाळले ठरली. रुबीनानं चौदाही जनीले हापिसात बोलावून आधार कार्ड गोळा केले, येकेकीचं वय मोठ्या अक्षरात लिहिलं. सगळ्यायत लहान मोनाली, तेवीस वर्साची. सगळ्यायत मोठी हंसाबाई, अठ्ठावन. रुबीना खुश झाली. मंग तिनं कागदावरच्या येका वाक्यावर बोट ठेवलं.

"मौसी, पोट्टीचं तं आपन समजावून देऊ. पन हे काय? 'काही अगदी लहान वयापासून.' साहेब इचारन, या काही म्हंजे कोन?"

हंसाबाई पंख्याकडं पाहाले लागली. साऱ्याईले मालूम होतं.

मीच म्हनलं, "मोनाली."

सांगते. मोनालीची माय शीला आमच्यातच काम करे. अकरा वर्सापैले भर सीझनमंधी तिले कावीळ झाली. जिनात येक जागा खाली झाली का दुसऱ्या दिवशी दुसरी बाई दारात उभी राह्यते, अन् मंग ती जागा परत भेटत नाही. मी शीलाले म्हनलं, पोट्टीले धाड, तुही जागा धरून ठेवन. दोन महिन्याचीच तं गोष्ट हाये. मोनाली तवा सातवीत होती, बारा वर्साची. हजेरीत नाव मायचं अन् हात लेकीचे. मी तिले शिकोलं, शीला म्हनून आवाज देला का तुनं 'हजर' म्हनायचं. ती म्हने. दोन महिन्यात तिचा हात असा बसला का जुन्या बायाईले मागं टाके. शीला बरी झाली, पन तोवर परीक्षा होऊन गेलती. पुढच्या सीझनले मायलेकी दोघीबी आल्या. मी काही वाईट केलं असं मले वाटलंच नाही. उलट मी साऱ्या गावाले सांगो, शीलाची जागा म्या राखली.

रुबीना खुर्चीत मागं टेकली. मंग हळूच म्हनली, "मौसी, हे इथंच राहू द्या. म्हना, आमच्याकडं बोलायची पद्धत हाये तशी. पोट्टी जसं म्हनतो, तसंच इतवढीशी म्हनतो. अन् मोनालीले इचारलं तं तिनं अठरा सांगावं."

मोनाली म्हनली, "हाव, अठरा म्हनीन. मले का होते." तिनं माह्याकडं पाह्यलंबी नाही, रुमालाचं टोक बोटाले गुंडाळत बसली.

खरं सांगू? मले हायसं वाटलं. चौदा घरचा सवाल होता. हंसाबाईच्या सुनेचं बाळंतपन, कोनाच्या घराचं छत, कोनाच्या पोराची बारावी. अन् बोलीवर ढकलाले काय जाते, बोली कोर्टात उभी राहून बोलत नाही.

ठरल्या दिवशी दोन जीपा केल्या, दारव्ह्याले चहा पेलो, अन् यवतमाळले पोचलो. सरकारी हापिसातला मोठा हॉल होता, थंडगार. मंधात लांब टेबल. तिसऱ्या देशाचा साहेब पिकल्या केसाचा, शांत मानूस. बाजूले आपल्या सरकारचा येक अधिकारी, तो नुसता लिहून घेत होता. अन् दुभाषी म्हनून पुन्हा तीच वैष्णवी म्याडम! मले पाहून तिनं मान खाली घातली. माह्या मनात आलं, आता पाह्य, तुले कशी मराठी शिकवते.

अन् शिकोली. मी हंसाबाईले उभी केली. "म्याडम, साहेबाले सांगा, ही माही पोट्टी. पोट्टे, तोंड उघड व!" हंसाबाईनं तोंड उघडून खिंडार दाखोलं. साहेब आधी दचकला, मंग त्याले हसू आलं. मी येकेकीले उभी करत गेली. ही पोट्टी, हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही पोट्टी, हिचा पोरगा पोलिसात हाये. ही पोट्टी, औंदा सासू झाली. रुबीना आधार कार्ड पुढं सरकवून राह्यली अन् वैष्णवी म्याडमचे कान लाल होऊन राह्यले. शेवटी ती सोता म्हनली, साहेबाले इंग्रजीत अन् मंग आमाले मराठीत, "चूक माझी आहे. मी शब्दाचा अर्थ विचारला, पण उत्तर नीट ऐकलं नाही." तेवढ्यानं माहा राग निम्मा उतरला. पोरगी खरी होती.

साहेबानं कागद उलटला. मंग त्यानं तेच वाक्य काढलं.

वैष्णवी म्याडमनं इचारलं, "साहेब विचारतायत, काही जणी लहान असताना आल्या असं तुम्ही म्हणालात. त्याचा अर्थ काय?"

"बोलायची पद्धत हाये," मी म्हनलं. माहा आवाज मलेच बारीक लागला.

साहेबानं मान हालवली. मंग त्याची नजर मोनालीवर गेली, सगळ्यायत लहान तीच दिसे. तिले इचारलं, तू कितव्या वर्षी कामाला लागलीस?

मोनाली उभी राह्यली. हात मागं बांधले, समोरच्या भिंतीकडं पाह्यलं अन् म्हनली, "अठरा."

तो आवाज मी वळखला. बारा वर्साची असतानी शीलाच्या नावावर ती अशीच 'हजर' म्हने. हात मागं, नजर भिंतीवर, आवाजात काहीच नाही. मले वाटलं, अवो, ही पोरगी अजून माह्यापायी दुसऱ्याचंच बोलून राह्यली. चौदा जनी मले दिसत होत्या, रुबीना दिसत होती, अन् तरी मले बसवेना.

मी उठली. "साहेब, तिनं खोटं सांगतलं. मीच सांगाले लावलं. ही पोट्टी मीच आनली होती कामाले."

रुबीनानं डोळे मिटले. हंसाबाईनं माहा पदर ओढला, मी तो सोडवून घेतला.

वैष्णवी म्याडमनं पेन उचलला अन् थांबली. येका घंट्यात तिनं पोट्टीचे चौदा अर्थ ऐकले होते. तिनं लय जपून इचारलं, "कौसल्याबाई, इथे पोट्टी म्हणजे मी काय लिहू?"

आता पाहा, मले म्हनता आलं असतं, बाई लिहा. सारा वेळ मी तेच म्हनून राह्यली होती, अन् तिनं ते लिहून घेतलंबी असतं.

"लेकरू लिहा," मी म्हनलं. "बारा वर्साचं. सातवीतलं. परीक्षा राह्यली तिची."

तिनं लिहिलं. साहेबाले वाचून दाखोलं. मंग त्यानं साल इचारलं, बोटावर मोजलं, अन् हळूहळू बोलला. वैष्णवी म्याडम सांगत गेली. करार दोन वर्षांपूर्वी लागू झाला. त्याच्या आधीचं त्यात धरत नाहीत. आज इथे काम करणाऱ्या सगळ्या जणी प्रौढ आहेत. तक्रार टिकत नाही, सवलत राहील, असंच मी लिहून देणार.

मागून कोनीतरी मोठ्यानं श्वास सोडला. हंसाबाई रडाले लागली. रुबीनानं माहा हात इतका दाबला का बांगडी रुतली. काम वाचलं होतं. मले आनंद झाला, खोटं कायले बोलू.

पन मले रागबी आला, अन् कोनावर ते समजेना. जे खोटं होतं, त्याच्यापायी दीड महिना आमचा जीव टांगनीले, अन् जे खरं निघालं, त्याले कागदात जागा नाही. मी म्हनलं, "साहेब, एवढा मोठा करार लिहिला, त्याच्यात मागचं धराचं येक कलम काहून नाही ठेवलं?"

साहेबानं ऐकलं. मले वाटलं टाळन. पन त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला अन् सरळ जवाब देला. मागचं धरलं असतं, तर कोणत्याच देशाने सही केली नसती. माझ्याही देशाने नाही.

हे मले पटलं. पटलं तरी बरं वाटलं नाही.

बाहेर पोट्ट्या नुसत्या चेकाळल्या होत्या. रुबीना सगळ्याईसाठी समोसे आनाले गेली. मोनाली जीपच्या मागं येकटीच उभी होती. मी तिच्यापाशी गेली.

तीच बोलली. "मले वाटलं, तू इसरली असशीन."

"कशी इसरीन व?"

"मंग अकरा वर्स काहून नाही बोलली?"

"कोनं इचारलंच नाही," मी म्हनलं. म्हनलं, अन् माहीच मले लाज वाटली. समुद्रापल्याडून मानूस आला तवा ते इचारल्या गेलं, अन् मी रोज तिच्या शेजारी बसून कापूस निवडत होती.

मोनाली जीपच्या पत्र्यावरची धूळ बोटानं पुसत राह्यली. "जूनमंधी शाळा उघडे ना, तवा मी वाट पाहो," ती म्हनली. "मायले तं परवडत नव्हतं. मले वाटे, मावशी म्हनन, जाय आता शाळेत, जागा मी पाह्यते. तुह्या म्हनन्यावर मी आली होती, तं तूच म्हनशीन असं वाटे."

मले रडू आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही, पन जवळबी आली नाही.

"किती वर्स पाह्यली वाट?" मी इचारलं.

"तीन," ती म्हनली. "मंग माह्या संगातल्या पोट्ट्या दहावी पास झाल्या."